डॉमिनियन रोडवरचा वाढपी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते आमच्या हायस्कूलच्या इंग्रजीच्या बाईंचे. आई-वडिलांचे उपकार वेगळे, ते मोजण्यात धरत नाहीत. बाईंचं माझ्याशी काही नातं नव्हतं. वडिलांची पिठाची गिरणी होती आणि बाई दळण घेऊन यायच्या, एवढाच संबंध. दळण होईपर्यंत त्या बाकावर बसून माझं इंग्रजी घ्यायच्या, तेही गिरणीच्या आवाजाच्या वर आवाज काढून. त्यामुळे माझं इंग्रजी अजूनही जरा मोठ्या आवाजातलं आहे. फार्मसीत माझ्या काउंटरला कुणी हळू आवाजात मूळव्याधीचं औषध मागितलं की मी जे उत्तर देतो, ते बाहेरच्या बसस्टॉपवर ऐकू जातं, असं माझे सहकारी म्हणतात.

दहावीनंतर वडील मला गिरणीवर बसवणार होते. बाई आल्या, दळणाचा डबा खाली ठेवला आणि वडिलांना म्हणाल्या, "हा शिकला नाही तर मी दळण दुसरीकडे नेईन." गावात दुसरी गिरणी नव्हती. वडिलांनाही ते माहीत होतं, पण ते हसले आणि मी कॉलेजला गेलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. फार्मसी शिकलो, मग इथे न्यूझीलंडला आलो, इथल्या परीक्षा दिल्या आणि गेली कित्येक वर्षं ऑकलंडच्या माउंट रॉस्किलमध्ये लोकांना गोळ्या मोजून देतो आहे.

बाईंनी एक गोष्ट मनावर ठसवली होती. कुठेही पहिल्यांदा जायचं तर आधी अभ्यास करून जायचं. हे मी जरा अतिच मनावर घेतलं. पुण्याला कॉलेजात प्रवेश घेण्याआधी एकदा नुसता जाऊन कँटीनमध्ये चहा कसा मागतात ते बघून आलो होतो. न्यूझीलंडला येण्याआधी मेंढ्यांच्या जाती पाठ केल्या होत्या. इतक्या वर्षांत एकाही माणसाने मला मेंढीची जात विचारलेली नाही.

तर, आमची मुलगी वेलिंग्टनला नोकरी करते. एका संध्याकाळी तिचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. तिचा एक मित्र होता हे आम्हाला माहीत होतं. तो चायनीज आहे हेही माहीत होतं. आता तिने सांगितलं की दोघांनी लग्न करायचं ठरवलंय.

"अँड हिज पेरेंट्स वॉन्ट टू मीट यू," ती म्हणाली. "लोअर हटला, इथे जवळच, त्यांच्या घरी. डिनर."

मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. फार भावना दाटून आल्या तर मध्येमध्ये मराठी येतं. तिच्या आईने डोळे पुसले, मुलाची चौकशी केली, तारीख ठरवली. मी विचारलं, "जेवायला काय असतं त्यांच्याकडे?"

"बाबा! आय डोन्ट नो. फूड."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अहो, जेवायला जायचंय, परीक्षेला नाही."

पण माझ्यासाठी ती परीक्षाच होती. पिठाच्या गिरणीवरून आलेला माणूस मी. कुणाच्याही घरी जेवायला बसलो की आपण काहीतरी चुकतोय असं मला आयुष्यभर वाटत आलंय. आपलं आपण सोसलं, पण आता मुलीचा प्रश्न होता. तिच्या सासरच्यांनी आमच्याकडे बघून मनात म्हणावं, की हिच्या घरच्यांना टेबलावर बसायची रीत नाही, आणि ते तिच्या लक्षात यावं, या विचाराने मला दोन रात्री झोप आली नाही.

चायनीजबद्दल माझं ज्ञान म्हणजे आमच्या गावच्या एसटी स्टँडसमोरची गाडी. लाल रंगाचं मंचुरियन, त्याहून लाल शेजवान आणि वर कच्चा कोबी. तो गाडीवाला आमच्याच आळीतला होता. माझ्या घरापासून गाडीने पाच मिनिटांवर डॉमिनियन रोड आहे. तिथे चिनी उपाहारगृहं इतकी दाटीने आहेत की काही ठिकाणी रस्त्यावर उभं राहिलं तर इंग्रजी पाटी शोधावी लागते. त्या रस्त्यावरून मी रोज कामाला जातो. पहिल्या वर्षी एकदा आत शिरून मंचुरियन मागितलं होतं. वेटरने आतून दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने मालकाला. तिघांनी मिळून मला फार आदराने सांगितलं की असा पदार्थ त्यांनी ऐकलेला नाही. त्यानंतर मी त्या रस्त्यावर फक्त पेट्रोल भरायला थांबत असे.

आता अभ्यास करणं भाग होतं. फार्मसीतल्या एका मुलीने सांगितलं की त्याच रस्त्यावर संध्याकाळची फूड टूर असते. एक मार्गदर्शक बाई चार-पाच जणांना घेऊन दुकानादुकानातून फिरवते, खाऊ घालते आणि समजावून सांगते. मी लगेच नाव नोंदवलं. बायकोची हॉस्पिटलात संध्याकाळची पाळी होती, तेव्हा मी एकटाच. जाण्याआधी आठवडाभर घरी दोन पेन्सिलींनी शेंगदाणे उचलायचा सराव केला. शेवटी शेवटी मी एकही न सांडता वाटीभर शेंगदाणे या वाटीतून त्या वाटीत नेत असे. बायको म्हणाली, "त्यापेक्षा सोलून तरी ठेवा."

टूरची मार्गदर्शक पन्नाशीची, उत्तर चीनमधून शिकायला आलेली आणि इथेच राहिलेली. हातात पिवळी छत्री. "किया ओरा एव्हरीवन!" असा माओरी नमस्कार करून तिने सुरुवात केली. माझ्याखेरीज एक म्हातारं जोडपं होतं. आजोबा गोरे, उंच, आयुष्यभर गायी पाळलेले आणि आता निवृत्त. आजी बारीक आणि उत्साही. नातवंडांनी त्यांना टूर भेट दिली होती. आणखी दोघी मैत्रिणी होत्या, त्या खाण्यापेक्षा फोटो जास्त काढत होत्या.

पहिल्या दुकानात डंपलिंग आले. आपल्या मोदकाचे लांबचे नातेवाईक, पण आत सारणाबरोबर गरम रस्सा. मार्गदर्शक सांगत होती की आधी चमच्यात घ्या, बाजूने छोटंसं भोक पाडा, रस्सा प्या. पण तोवर मी माझं शेंगदाण्याचं कसब दाखवायला निघालो होतो. शेंगदाणा कोरडा असतो हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. डंपलिंग चॉपस्टिकच्या काड्यांतून निसटलं, टेबलावर फुटलं आणि रस्सा सरळ आजोबांच्या शर्टावर.

"नो वरीज, मेट," आजोबा म्हणाले. "गायींनी याहून वाईट केलंय."

मी फार्मासिस्ट असल्याने डाग काढायचे तीन उपाय सांगितले, मोठ्या आवाजात. शेजारच्या टेबलावरच्या एका बाईने मान डोलावून चौथा सांगितला.

दुसरं दुकान शेवयांचं. तिथला माणूस कणकेचा गोळा हवेत ओढून, दुमडून, पुन्हा ओढून बघता बघता त्याच्या शेवया करत होता. मी विचारलं की जेवताना आवाज केला तर चालतो का, वाडगा उचलून तोंडाला लावायचा का, मोठ्यांच्या आधी खायला सुरुवात केली तर काय. मार्गदर्शक बाईने सगळ्याची उत्तरं दिली आणि मग हसत विचारलं, "तुम्ही यावर पुस्तक लिहिताय का?"

"मुलीचं लग्न ठरतंय," मी म्हणालो. "तिचे सासू-सासरे चायनीज आहेत. त्यांच्याकडे जेवायला जायचंय."

आजींनी दोन्ही हात छातीशी धरले. "हाऊ लव्हली!" त्यानंतर सगळी टूर माझ्या शिकवणीची झाली. आजी मला मधूनमधून प्रश्न विचारायच्या आणि मी बरोबर उत्तर दिलं की आजोबा म्हणायचे, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या भाषेत झकास.

खरा घोटाळा तिसऱ्या ठिकाणी झाला. मोठं गोल टेबल, मध्ये फिरणारी काच आणि त्या काचेवर सगळ्यांसाठी मिळून पदार्थ. अख्खा वाफवलेला मासा, डोळ्यांसकट. तिखट टोफू, लसूण घातलेली हिरवी पालेभाजी, वांगी, व्हिनेगरमध्ये भिजवलेले शेंगदाणे, काकडी. काच फिरली, आणि आजोबांनी आपल्या तोंडात जाऊन आलेल्या काड्या सरळ माशात खुपसल्या. मग आजींनी. मग दोघी मैत्रिणींनी.

सामान्य ज्ञान म्हणून मला हे आधी माहीत होतं. पण डोळ्यांनी बघणं वेगळं. आमच्याकडे उष्टा चमचा आमटीत पडला तर आई अख्खी आमटी गाईला घालायची. माझा हात आखडला. काच माझ्यासमोर येऊन थांबली आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी उपाहारगृहाच्या मालकीणबाईंकडे मोठा चमचा मागितला. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. चमचा हातात आला आणि मी उभा राहिलो. गावाकडच्या प्रत्येक लग्नात मी वाढपी असायचो. हातात चमचा आणि समोर बसलेली माणसं दिसली की माझे पाय आपोआप चालायला लागतात. मी टेबलाभोवती फिरून वाढू लागलो. आणि नुसतं वाढलं नाही, तर पंगतीच्या रीतीने. वाडग्याला डावी-उजवी बाजू नसते, म्हणून मी शेजारच्या टेबलावरच्या बशा घेतल्या. डावीकडे शेंगदाणे आणि काकडी, चटणी-कोशिंबिरीच्या जागी. उजवीकडे पालेभाजी आणि वांगी. मधोमध भाताची मूद, वाटीने पाडलेली. मालकीणबाई काउंटरवरून बघत होत्या. त्यांच्या दुकानात शेंगदाण्यांना इतकी शिस्त कुणी लावली नसावी.

"थोडं आणखी?" मी आजींना म्हणालो. "लिटल बिट ओन्ली."

"ओ, आय कुडन्ट..."

"कुडन्ट कसं? एवढंसं."

आग्रहाचं इंग्रजी भाषांतर होत नाही, पण ते सगळ्यांना कळतं. आजींनी तीनदा वांगी घेतली. मी रंगात आलो. तेवढ्यात मागच्या टेबलावरच्या एका गृहस्थाने माझ्या बाहीला हात लावला आणि म्हणाला, "एक्स्क्यूज मी, आमचा टोफू अजून आला नाही."

मी म्हणालो, "सॉरी, बघतो हं." आणि खरंच स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विचारलं.

मालकीणबाई पुढे आल्या. "तुम्ही कोण?"

हातात चमचा होता, त्याला माशाचा रस लागला होता. टेबलावरचे सगळे हसत होते. मार्गदर्शक येऊन मला हाताला धरून खुर्चीशी घेऊन गेली. "तुम्ही पाहुणे आहात. बसा."

"तुम्ही सुरू करा, मी मग घेतो," मी म्हणालो. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की ते तोंडातून आपसूक येतं.

ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. "माझी आई अशीच होती," ती म्हणाली. "पाहुणे आले की ती आत. आम्ही मुलं मोठी झालो, तरी आत. ती गेल्यावर आम्ही भावंडं एकदा भांडत बसलो, की तिला मासा आवडायचा की नाही. कुणालाच माहीत नव्हतं."

लग्नात वाढपी होण्याचं खरं कारण मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. वाढणाऱ्याकडे कुणी बघत नाही. तो कसा खातो, काय बोलतो, कुठून आला, कुणी विचारत नाही. मी सेवाभावी म्हणून इकडे महाराष्ट्र मंडळात माझं कौतुक होतं. गणपतीच्या जेवणाला शेवटपर्यंत वाढतो, मागे उरलेलं उभ्याने खातो. लोक म्हणतात, काय माणूस आहे! मला आतून माहीत असायचं की मी पळालेला माणूस आहे, फक्त हातात भाताचं पातेलं घेऊन.

"यू सिट, मेट," आजोबा म्हणाले. "तू सगळ्यांना दिलंस. आता तुला मी देतो." आणि त्यांनी आपल्या काड्यांनी, त्या मघापासून तोंडात जात-येत असलेल्या काड्यांनी, माशाच्या पोटाचा मऊ तुकडा काढून माझ्या वाडग्यात ठेवला.

माझ्या आईने गाईला घातलेली आमटी मला आठवली. मग मी तो तुकडा खाल्ला. आयुष्यात आजवर मी उष्टं खाल्लं होतं ते फक्त मुलगी लहान असताना तिच्या ताटातलं. मासा फार चांगला होता. आलं आणि कांद्याची पात, वरून गरम तेल, बस्स. मंचुरियनचा त्यात मागमूस नव्हता.

टूर संपल्यावर मी गाडीत बसून मुलीला फोन केला. घडलेला सगळा किस्सा रंगवून सांगितला. मला वाटलं ती हसेल. टोफूच्या जागी ती हसलीही. मग तिचा सूर बदलला.

"बाबा, यू नो, माझ्या ग्रॅज्युएशनच्या डिनरचे फोटो आहेत ना? यू आर नॉट इन अ सिंगल वन. तुम्ही किचनमध्ये होता."

"अगं, इतकी माणसं आली होती, कुणीतरी करायला—"

"तेव्हा माझ्या फ्रेंड्सना तुमच्याशी बोलायचं होतं. मी त्यांना सांगितलं होतं, यू हॅव हीप्स ऑफ स्टोरीज." मग ती म्हणाली, "आय वॉझन्ट वरीड अबाउट चॉपस्टिक्स, बाबा. मला वाटतं की तुम्ही तिथेही किचनमध्ये जाल. आणि त्यांना वाटेल, हिला आईच आहे फक्त."

डॉमिनियन रोडवर गाड्यांची रांग होती. एक बस माझ्या मागून हॉर्न वाजवत होती, कारण मी बसच्या जागेत गाडी लावली होती. मी म्हणालो, "नाही जाणार." तिने "ओके" म्हटलं. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही नव्हता.

लोअर हटहून परत आल्यावर मी बाईंना पत्र लिहिलं. बाई फोनवर बोलतात, पण आता त्यांना ऐकू कमी येतं आणि मला तर तिकडच्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलावं लागतं. पत्र असं होतं:

बाई,

नमस्कार. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झाल्याचं कळलं, म्हणून अक्षर नेहमीच्याच आकाराचं काढतो आहे. त्रास झाला तर कुणाकडून तरी वाचून घ्या.

मुलीच्या सासरी जेवून आलो. तयारी कशी केली ते मागच्या पत्रात कळवलं होतंच. ती सगळी वाया गेली. ती माणसं चिनी खरी, पण त्यांचे पूर्वज शंभरेक वर्षांपूर्वी इथे भाजीपाला पिकवायला आले होते. मुलाचे वडील शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांना चिनी भाषेतले चार शब्द येतात आणि त्यांतले दोन, ते म्हणाले, शिव्या आहेत. टेबलावर काड्या नव्हत्याच. मेंढीचं मांस भाजलेलं, सोबत रताळी आणि वाटाणे, शेवटी अंड्याच्या फेसाचा गोड केक. मी मुलाच्या आईंना डंपलिंग चमच्यात घेऊन भोक पाडून कसं खायचं ते समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो का? आम्ही कायम कपडे खराब करतो." मुलीने टेबलाखालून मला पाय मारला. तो तिच्या आईला लागला.

आता मुख्य गोष्ट. रताळ्यांचं भांडं माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी उठलो होतो, बाई. खोटं कशाला सांगू? हातात भांडं घेऊन अर्धा उभा होतो. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी एक रताळं घेतलं, भांडं शेजारी दिलं आणि बसलो. बसल्यावर काय करायचं ते मला माहीत नव्हतं. हातांचं काय करायचं तेही कळेना. वाढताना हातांची सोय असते.

मग मुलाच्या आईंनी विचारलं की माझे वडील काय करायचे. मी म्हणालो, पिठाची गिरणी. नेहमी मी "छोटा व्यवसाय" म्हणतो. तुम्हाला माहीत आहे, कॉलेजातही तेच म्हणायचो. गिरणी म्हटल्यावर त्यांना सगळं ऐकायचं होतं. वडील घरी यायचे तेव्हा पापण्याही पांढऱ्या असायच्या, आणि वासावरून आत ज्वारी दळतायत की बाजरी ते लांबून कळायचं, हे सांगितलं. पट्टा तुटायचा तेव्हा गावभर कसं कळायचं, तेही. मुलाच्या वडिलांनी मग त्यांच्या आजोबांच्या कोबीच्या वाफ्यांबद्दल सांगितलं, आणि कोबीवरच्या अळीवर आम्ही दोघं इतका वेळ बोललो की बाकीचे उठून बाहेर कुत्र्याशी खेळायला गेले. सोबत फोटो पाठवतो आहे. मी त्यात आहे. डोळे मिटलेले आले आहेत, पण बसलेला आहे.

परत येताना मुलगी गाडी चालवत होती. मग म्हणाली की यातलं अर्धं तिला माहीत नव्हतं. तिच्या आजोबांच्या पांढऱ्या पापण्यांचं तर नाहीच. तिने मला सगळं पुन्हा सांगायला लावलं, आणि या खेपेला मराठीत ऐकायचंय म्हणाली. मी सांगितलं. ती रडत होती का ते अंधारात कळलं नाही, पण वळण चुकली.

पुढच्या महिन्यात ते लोक आमच्याकडे येणार आहेत. ही म्हणते, स्वयंपाक ती करेल आणि वाढायला जावई उभा राहील. त्याला डावं-उजवं शिकवायची जबाबदारी माझ्यावर आहे. बसूनच शिकवायचं, अशी ताकीद आहे.

जेवण कसं होतं असं विचाराल, तर बोलण्याच्या नादात काय खाल्लं ते मला धड आठवत नाही. ही म्हणते, मांस जरा जास्त भाजलं गेलं होतं.

तुमचा
गिरणीवाल्यांचा मुलगा